पांढऱ्या पट्ट्याचा रविवार

नागपूरहून परतल्यापासून चावडीवर जो तो विचारतोय, "काय बाई, संत्री आणली का?" जून महिन्यात संत्री कुठून आणू? आणि मी काही संत्र्यांसाठी गेले नव्हते. मी माझ्या भाचीला पाण्यात उतरवायला गेले होते. एवढं सांगितलं की लोक "वा, छान" म्हणतात आणि आपल्या सातबाऱ्याकडं वळतात, पुढचं ऐकतच नाहीत. म्हणून लिहायला बसले. रागात लिहितेय, हे आधीच सांगते. राग निवायची वाट बघत बसले असते तर हे लिहून झालंच नसतं.

आधी माझ्याबद्दल थोडं. मी सांगली जिल्ह्यातल्या एका गावची तलाठी. हुद्द्याचं नाव आता बदललंय, पण गावाला मी तलाठी बाईच. दीड वर्षाची असताना पोलिओ झाला. उजव्या पायाला मांडीपासून बुटापर्यंत कॅलिपर आहे: दोन लोखंडी पट्ट्या, चामड्याचे बंद आणि गुडघ्याला एक खटका. बसताना खटका सोडायचा, उठताना लावायचा. याच पायानं मी बांधाबांधानं फिरून पंचनामे केलेत. आमच्याकडं माणसं भांडण झालं की तोंडावर लंगडी म्हणतात आणि दुसऱ्या दिवशी उताऱ्याला येऊन चहा पाजतात. त्याची मला सवय आहे.

धाकटी बहीण मंगल नागपूरला दिलेली. तिची पूर्वा तेरा वर्षांची. दर मे महिन्यात पूर्वा आमच्याकडं यायची आणि दिवसभर विहिरीत असायची. पोहायला तिला मीच शिकवलं, कारण पाण्यात माझे दोन्ही पाय सारखे. मागच्या पावसाळ्यात शिकवणीहून येताना ट्रकनं तिच्या सायकलला उडवलं आणि डावा पाय गुडघ्याखाली कापावा लागला. तेव्हापासून दवाखाना सोडला तर ती कुठं गेली नाही. सातवीचा अभ्यास घरी केला, शाळेत गेली ती फक्त पेपरापुरती, तेही वेगळ्या खोलीत बसून. मैत्रिणी आल्या की आतून निरोप, झोपली आहे म्हणून सांग.

जून लागला आणि मंगलचा फोन आला. "ताई, पंधरा दिवसांत शाळा उघडून राहिली आणि ही म्हणते मी शाळेत जाणारच नाही. तू ये." मी पूर्वाला फोन द्यायला लावला. शाळेचं काढलं तर आधी नाहीच म्हणाली. मग म्हणाली, "पाणी असंल तिथं येईन." नागपूरच्या बाहेर पाण्याचं मोठं पार्क आहे हे मला ठाऊक होतं. घसरगुंड्या, पावसातला नाच, आणि एक लाटांचं तळं. मी म्हटलं, "तुला लाटांत नेते." ती म्हणाली, "पक्कं?" मी म्हटलं, "पक्कं." एवढ्या एका शब्दापायी मी महाराष्ट्राच्या एका टोकावरून दुसऱ्या टोकाला गेले.

शुक्रवार, जरीपटका

नागपूरचं ऊन म्हणजे काय हे आमच्या बाजूच्या माणसाला सांगून कळत नाही. रिक्षातून उतरले, पाय दुमडला, आणि कॅलिपरची तापलेली पट्टी डाव्या पोटरीला टेकली. चटका असा बसला की दुसऱ्या दिवशी फोड आला. इकडच्या बायका डोक्यापासून नाकापर्यंत दुपट्टा का गुंडाळतात ते मला त्या क्षणी कळलं. माझ्या पायाला दुपट्टा गुंडाळायचा राहिला होता.

मंगलचं घर जरीपटक्याच्या बाजारामागं. खाली साड्यांची, मोबाइलची, मिठाईची दुकानं, वर घरं. खिडकीत वाळ्याच्या टट्ट्यांचा कूलर घरघरतो आणि सगळ्या घराला ओल्या मातीचा वास असतो. सोळा वर्षांत माझी बहीण अर्धी नागपूरची झालीय. "ताई, तू थकून राहिली असशील, पन्हं पी" म्हणाली आणि स्वतःच हसली.

पूर्वा आतल्या खोलीत होती. कॉटवर बसलेली, मांडीवरून खाली ओढणी पसरलेली. नवा पाय दाराच्या मागं उभा केलेला, त्यावर पांढरा मोजा आणि शाळेचा काळा बूट. मी आत गेले. कॉटवर टेकले, खटका सोडला, कॅलिपरचे बंद उलगडले आणि कॅलिपर काढून त्या पायाशेजारी भिंतीला टेकवून ठेवला. ती बघत होती. "दुखते का?" तिनं विचारलं. "उन्हाळ्यात खाज येते," मी म्हटलं. "मले पण," ती म्हणाली.

रात्रीच्या जेवणाला पाटवडी रस्सा होता. आम्ही सांगली-कोल्हापूरकडची माणसं तिखटाच्या बाबतीत स्वतःला फार समजतो. आमचा तांबडा रस्सा झणझणीत असतो, पण तो तोंडात जाळतो आणि संपतो. हा काळपट, तेलाच्या तवंगाचा रस्सा आधी गोड बोलतो आणि घशाखाली उतरला की मग हिशेब विचारतो. माझ्या नाकाडोळ्यांतून धार लागली. पूर्वा हसायला लागली. मंगल पोळी लाटता लाटता थांबून तिच्याकडं बघत राहिली, कारण त्या पोरीला हसून किती दिवस झाले होते ते तिलाच ठाऊक.

शनिवार, धंतोली

पाण्यात जायचं तर आधी पायवाल्याला विचारायचं, म्हणून धंतोलीला गेलो. धंतोलीत गल्लीगल्लीत दवाखाने. फुटपाथवर सगळा विदर्भ बसलेला, हातात एक्स-रेच्या पिशव्या, डब्यात भाकरी. इथं माझ्याकडं आणि पूर्वाकडं कुणी वळूनसुद्धा बघत नव्हतं. ज्याला त्याला आपापलं पडलेलं. मला ती गर्दी फार आवडली.

कोपऱ्यावर आम्ही तर्री पोहे खाल्ले. पोह्यांवर चण्याची लालभडक तर्री ओततात. आमच्याकडं पोह्यांवर कुणी रस्सा ओतला तर घरात भांडण होईल. मी दुसरी प्लेट घेतली.

पाय बनवणारे गेडामकाका साठीचे, कानावर पेन्सिल, अंगावर प्लास्टरची भुकटी. त्यांनी पूर्वाला चालायला लावलं, एक पेच सैल केला, एक घट्ट केला. मी पाण्याचं विचारलं.

"हा पाय पाण्यात नको नेऊ बाई," ते पूर्वाला म्हणाले. "आतला फोम फुगते. अन् पाण्यात पायाचं काम काय पडते? काठावर काढायचा, कोणाच्या तरी हातात द्यायचा, अन् उतरायचं."

"लोक पाहतीन," पूर्वा म्हणाली.

"पाहतीनच. दोन मिनिटं पाहतीन. मग त्याइले आपापली पोट्टी सांभाळा लागते."

येताना रिक्षात पूर्वा म्हणाली, "मावशी, मी तिथं काढणार नाही हं. फक्त काठावर बसीन." मी म्हटलं, बस बाई काठावर. निदान काठापर्यंत ये म्हणजे झालं.

रविवार, पार्क

आता रागाचं सांगते.

तिकीटखिडकीवर मोठा फलक होता. दिव्यांग बंधू-भगिनींना प्रवेश मोफत, सोबतच्या एका व्यक्तीस मोफत. मंगलचा चेहरा उजळला. खिडकीतल्या मुलीनं माझा दाखला बघितला, पूर्वाचा बघितला, गोड हसली आणि आम्हा तिघींच्या मनगटांवर कागदाचे पांढरे पट्टे चिकटवले. बाकी सगळ्यांच्या हातात हिरवे पट्टे होते. मी, जी खातेदाराची सही दोनदा ताडून बघते, ती मी काहीच विचारलं नाही. फुकट म्हटल्यावर माझीही मान डोलली. ती माझी चूक.

पूर्वानं पायघोळ नायलॉनची विजार आणि वर पोहायचा अंगरखा घातला होता. बूट घातल्यावर पाय कळत नव्हता, चाल किंचित कळायची. सगळ्यात छोट्या घसरगुंडीच्या रांगेत ती स्वतःहून उभी राहिली. मी मंगलचा हात दाबला. तिचा नंबर आला तसा तिथल्या रखवालदारानं मनगट बघितलं.

"पांढऱ्या पट्ट्यावर नाही चालत, बेटा. पांढरा पाहणाऱ्यांचा आहे."

मागची मुलं तिला वळसा घालून वर गेली. ती परत आली आणि माझ्या मागं उभी राहिली.

मी खिडकीवर गेले. म्हटलं, हे पांढरे काढ आणि तीन हिरवे दे, पैसे घे. ती मुलगी बिचारी खरंच गोंधळली. "मॅडम, दिव्यांगांकडून पैसे घ्यायचे नाहीत. साहेब रागावते."

"मग फुकटात हिरवा दे."

"हिरवा तिकिटावरच निघते."

"मग तिकीट दे."

"तुमाले तिकीट लागतच नाही न, मॅडम."

तिच्या डोळ्यांत लबाडी नव्हती. कुणीतरी मोठ्या मनानं ठरवलं होतं की अपंगांकडून पैसा घ्यायचा नाही, आणि पैसा घेतला नाही म्हणजे हिरवा पट्टा नाही, हिरवा पट्टा नाही म्हणजे पाणी नाही, हे त्या मोठ्या मनाच्या ध्यानातच आलं नव्हतं. नाही तर आलं होतं आणि बरंच झालं असं वाटलं होतं. मी वीस वर्षं सरकारी नोकरी केलीय. असली कुंपणं मला ओळखता येतात.

मग मॅनेजर आले. गुलाबी शर्ट, पॉलिश केलेले बूट, हातात बिनतारी माइक. दोन्ही हात जोडले. "मॅडम, बिलकुल टेन्शन नका घेऊ. तुमच्यासाठी स्पेशल जागा केली आहे." जागा म्हणजे कूलरसमोरचा एक बाक. त्यावरून सगळ्या घसरगुंड्या नीट दिसत होत्या.

मी म्हटलं, "पाण्यात जाऊ द्यायचं नाही असा नियम कुठं लिहिलाय? दाखवा. नाही तर मला लेखी द्या."

"लेखी कायले, मॅडम? तुम्ही आमच्या पाहुण्या. सेफ्टीचा विषय आहे. पोरीले काही झालं तं तुम्हीच रडाल."

"तिला पोहता येतं."

"पहिले येत असंल," ते मऊ आवाजात म्हणाले.

हे ते पूर्वाच्या देखत म्हणाले. मी लेखी, लेखी करत राहिले. कायदा सांगितला, माझा हुद्दा सांगितला, आवाज चढवला. दहा-वीस माणसं जमली. पूर्वानं माझी बाही ओढली. "मावशी, चल ना घरी. लोक पाहून राहिले." मी ऐकलं नाही. हेही लिहून ठेवते, की त्या वेळी मला पोरीपेक्षा माझं भांडण मोठं झालं होतं.

मॅनेजरना माझ्यावर उतारा सुचला. आपल्याकडं भांडणाऱ्या माणसाचं तोंड बंद करायची एक खात्रीची रीत आहे, त्याचा सत्कार करायचा. पावसातल्या नाचाच्या मंचावर त्या दिवशी कुणा दानशूर माणसाच्या वाढदिवसाचा कार्यक्रम झाला होता. शाली उरल्या होत्या, नारळ होते. गाणं थांबलं, कारंजी थांबली आणि माइकवरून आवाज आला. "आज आपल्यामंदी दोन जिद्दी भगिनी आल्या आहेत. त्यांच्यासाठी जोरदार टाळ्या."

मी नको म्हटलं. पण मंगलनं माझा हात धरला. तिचे डोळे भरले होते. "जाऊ दे ना ताई. दहा महिन्यांत कोणी तिले चांगलं म्हटलं नाही. सगळे नुसते चुकचुक करतात." पोरीच्या आईपुढं माझं काय चालणार? आम्ही मंचावर गेलो.

माझ्या खांद्यावर शाल पडली, हातात नारळ आला. पूर्वाला शाल दिली. समोर दोन-तीनशे भिजलेली माणसं टाळ्या वाजवत होती. मोबाइल वर झाले. फोटो काढणारा काहीतरी पुटपुटला आणि मॅनेजर वाकून पूर्वाला म्हणाले, माइक तोंडाजवळ असल्यामुळं सगळ्यांना ऐकू गेलं, "बेटा, विजार थोडी वर कर न. दिसला पाहिजे."

आणि ती वाकली. माझी भाची, जी मैत्रिणींना दारातून परत पाठवायची, तिनं शाल सावरली, वाकून विजार गुडघ्यापर्यंत ओढली आणि तशीच धरून उभी राहिली. मोठी माणसं सांगतायत म्हणून. टाळ्या वाढल्या.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी नारळ त्या माणसाच्या पोटाला लावला. शिवी दिली. कोणती ते लिहीत नाही, पण आमच्या सांगलीकडची होती आणि माइकवरून गेली. शाल काढून खाली टाकली. लोक हसले. त्यांना वाटलं, कार्यक्रमच चाललाय. वळून बघते तर पूर्वा मंचावर नव्हती.

ती लाटांच्या तळ्याकडं चालली होती. विजार अजून तशीच वर, ऊन त्या पायाच्या चकचकीत नळीवर पडलेलं. मी खटका लावलेल्या पायानं किती पळणार? मंगल पुढं, मी मागं, आणि माझ्या मागं ते मॅनेजर, "मॅडम, मॅडम" करत.

ते तळं समुद्रकिनाऱ्यासारखं केलंय. काठाला पाणी घोट्याएवढं आणि आत आत खोल होत जातं. दर तासाला भोंगा होतो आणि दहा मिनिटं यंत्रानं लाटा सोडतात. भोंग्याची वेळ होत आली होती, त्यामुळं काठावर गर्दी. शिट्टीवाल्या जीवरक्षकानं पूर्वाला अडवलं आणि पाटी दाखवली. लोखंडी वस्तू पाण्यात नेऊ नयेत.

पूर्वानं पाटी वाचली. खाली बसली. पट्टा सोडला, पाय ओढून काढला, आतला मोजा काढून त्याच्या पोटात खोचला. तोवर मॅनेजर पोचले होते. तिनं पाय त्यांच्यापुढं धरला.

"धरा," ती म्हणाली. "वला करू नका. फोम फुगते."

त्यांनी तो दोन्ही हातांनी घेतला. समोरून कुणी काही दिलं की घ्यायचं, एवढीच त्या माणसाला सवय असावी. पूर्वा बसल्या बसल्या हातांवर पुढं सरकत पाण्यात गेली. कमरेइतकं पाणी आलं तशी पालथी झाली, आणि पोहायला लागली.

तिचे हात पहिल्यासारखेच पडत होते. थोडी एका बाजूला कलत होती. दोन-तीन हात मारले की सावरत होती. समोरच्या भिंतीजवळच्या दोरीला शिवून ती वळली. मी काठावर उभी राहून रडले. दहा महिने ज्या पोरीला सगळ्यांनी धरून, टेकवून, उचलून नेलं होतं, ती तिथं एकटी होती आणि तिला कुणाची गरज नव्हती.

जीवरक्षक तिच्यामागं उतरणार होता, पण तिला पोहताना बघून थांबला. मॅनेजरनी मात्र तो पाय काखेत मारला आणि माइक तोंडाला लावला. "सूचना. तलावात दिव्यांग भगिनी असल्याकारणानं लाटा बंद ठेवण्यात येत आहेत. कृपया सहकार्य करावे."

आता ऐका. दहा मिनिटांपूर्वी ज्या हातांनी टाळ्या वाजवल्या, तेच हात आता तिच्याकडं दाखवायला लागले. "काहून गेली थे आत?" "कोण सोडलं तिले?" खांद्यावर लेकरू घेतलेला एक माणूस, घरी चांगला असेल, मंगलला म्हणाला, "ताई, काढा न पोरीले बाहेर. घंटाभर थांबून राहिलो आम्ही." मंचावर उभी राहून पाय दाखवत होती तोवर ती जिद्दी भगिनी. पाण्यात उतरली की सगळ्यांची अडचण. एक बाई म्हणाली, "सत्कार केला न तिचा? आणखी काय पाहिजेन?"

मंगल घाबरली. "पूर्वा, ये गं बाहेर. लोक खोळंबलेत." मला तिचा राग आला. पण खरं सांगायचं तर हाक माझ्याही ओठांवर आली होती. तीनशे माणसं चिडून बघतात तेव्हा आपल्या माणसाला तिथून काढून घ्यावं असंच वाटतं. मी गिळली ती हाक. त्या दिवशी मी केलेलं शहाणपणाचं काम तेवढं एकच.

पूर्वा मधोमध हात हलवत तरंगत होती. तिथून ती म्हणाली, फार मोठ्यानं नाही, "मी नाही निघत. लाटा चालू करा. एक राउंड झाला का निघते."

मॅनेजर माझ्याकडं वळले. कपाळावर घाम, बूट पाण्यात. "मॅडम, काही झालं तं जबाबदारी कोणाची?"

"माझी. लिहून देते."

त्यांना हेच हवं होतं. दिवसभर मी लेखी मागत होते, तर त्यांनाच लेखी पाहिजे होतं. खिडकीतली मुलगी धावत गेली आणि हाताला लागली ती अभिप्राय वही घेऊन आली. मी काठावरच्या खुर्चीवर बसून चार ओळी लिहिल्या. सदर मुलीस उत्तम पोहता येते, ती स्वखुशीने पाण्यात आहे, जबाबदारी माझी. खाली सही, हुद्दा. मॅनेजरनी दोनदा वाचलं. मग मी त्यांच्यासमोर कॅलिपरचे बंद सोडले, तो त्यांच्या दुसऱ्या हातात दिला आणि साडीसकट पाण्यात बसले. कुणी अडवलं नाही.

भोंगा झाला.

पहिली लाट आली तशी पूर्वा दिसेनाशी झाली. मंगल ओरडली. मी हातांवर पुढं सरकले, पाणी नाकात गेलं. लाट सरली आणि पूर्वा पलीकडं वर आली, केस तोंडावर, खोकत, हसत. दुसरीला तिनं आधीच बुडी मारली. तिसरीला ती पाठीवर पडली आणि लाटेनं तिला आणून माझ्या मांडीवर टाकलं. "सोड, सोड," म्हणाली आणि परत आत गेली. तोवर काठावरची सगळी माणसं पाण्यात शिरली होती, आपापली पोरं धरून किंचाळत होती. तो खांद्यावर लेकरू घेतलेला माणूस तिच्याशेजारी धडपडला तेव्हा तिनंच बाजूला सरकून त्याला वाट दिली.

दहा मिनिटं झाली. यंत्र थांबलं. ती म्हटल्याप्रमाणं निघाली, बसत बसत काठावर आली आणि मॅनेजरकडं हात पुढं केला. पाय कोरडा होता, हे त्या माणसाच्या बाजूनं लिहायला हवं.

"तुमाले वाईट वाटलं असंल तं सॉरी, मॅडम," ते मला म्हणाले. "आमचा उद्देश चांगला होता." उद्देश सगळ्यांचाच चांगला असतो. खुर्चीवर ती वही तशीच पडली होती. मी ओल्या मांडीवर घेतली आणि माझ्या चार ओळींच्या खाली मोठं लिहिलं. पांढऱ्या पट्ट्याबद्दल, बाकाबद्दल, विजार वर करायला लावल्याबद्दल. कलमं टाकली. दोन पानं भरली, एका ठिकाणी कागद फाटला. त्या माणसानं पुढच्या कुणा मुलीला असं वाकायला लावू नये म्हणून मी वरपर्यंत अर्ज करणार आहे, आणि अर्ज कसे करतात ते मला येतं.

पूर्वा पाय चढवून मागं येऊन उभी राहिली. विजार खाली ओढली नव्हती. तिनं माझी दोन पानं वाचली.

"झालं का तुझं?"

"झालं."

"पेन दे."

माझ्या सहीखाली जेमतेम जागा उरली होती. तिनं वाकून लिहिलं: लाटा लहान आहेत, मोठ्या करा. मग नाव लिहिलं, आणि नावापुढं, आठवी ब.

मंगलनं ते वाचलं आणि माझ्याकडं बघितलं. शाळा उघडायला अजून अकरा दिवस होते.